पाश्चात्त्य संगीताचा इतिहास वाचायचा, तर कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर कोणते घ्यावे?

वर्षभर नेटाने, ऐकत ऐकत वाचायची तयारी असेल, तर डोनाल्ड ग्राउट यांनी सुरू केलेले आणि पुढे जे. पीटर बर्कहोल्डर यांनी नव्याने लिहून काढलेले 'अ हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्यूझिक' घ्यावे. महिन्याभरात सगळा प्रदेश एकदा नजरेखालून घालायचा असेल, तर पॉल ग्रिफिथ्स यांचे 'अ कन्साइज हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्यूझिक' (२००६) पुरे. रिचर्ड टारुस्किन यांचा अनेक खंडांचा 'द ऑक्सफर्ड हिस्टरी ऑफ वेस्टर्न म्यूझिक' (२००५) पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये, पण ज्याला या विषयाची गोडी लागली त्याने कधी ना कधी त्याच्यापाशी जावेच.

हे उत्तर घाईत असलेल्यांसाठी झाले. खरी निवड मात्र आपल्या कानांनी करायची असते. अशा पुस्तकाची योग्यता मी एकाच गोष्टीवरून जोखतो: वाचता वाचता पुस्तक बाजूला ठेवून ती रचना पुन्हा ऐकावीशी वाटली का? ज्या इतिहासाने असे तीन-चार वेळाही उठवले नाही, तो कितीही माहितीपूर्ण असला तरी संगीताचा इतिहास म्हणून माझ्या लेखी कमी पडतो.

'सर्वसाधारण इतिहास' नेमके कशाला म्हणतात?

मध्ययुगीन चर्चमधील गायनापासून, किंवा त्याही आधी प्राचीन ग्रीसपासून, जवळजवळ आजपर्यंतचा प्रवास एका लेखकाच्या दृष्टीतून सलग सांगणारे पुस्तक, असा त्याचा अर्थ घ्यावा. हा ग्रंथप्रकार बराच जुना आहे. इंग्रजीत १७७६ या एकाच वर्षी दोन मोठे इतिहास वाचकांपुढे आले. जॉन हॉकिन्स यांचे पाचही खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाले, आणि चार्ल्स बर्नी यांच्या चार खंडांपैकी पहिला त्याच वर्षी निघाला. बर्नींचे काम १७८९ पर्यंत चालले. त्यासाठी बर्नी स्वतः फ्रान्स, इटली आणि जर्मन मुलूख फिरून आले होते. तरीही योहान सेबास्टियन बाखपेक्षा त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल हाच त्यांना मोठा वाटला. थोरल्या बाखचे 'सेंट मॅथ्यू पॅशन' मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये पुन्हा सादर केले ते १८२९ साली, आणि त्यानंतर इतिहासातील बाखची जागा हळूहळू बदलत गेली. प्रत्येक इतिहास आपल्या काळाच्या कानांनी लिहिलेला असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. म्हणूनच पुस्तक उघडताना ते कोणत्या वर्षी लिहिले गेले हे आधी पाहावे.

दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या पुस्तक कसे पारखावे?

आपण चांगली ऐकलेली एक रचना निवडावी, सूचीतून तिचे पान काढावे आणि तेवढेच वाचावे. मी यासाठी हायडनची ४५ वी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी अनेक भागांत बांधलेली रचना, घेतो. १७७२ सालची ही रचना 'फेअरवेल' या नावाने ओळखली जाते. तिची आख्यायिका सर्वांना आवडते. राजपुत्र निकोलाउस एस्टरहाझी यांचा उन्हाळी महालातला मुक्काम लांबला, घरच्यांपासून दूर राहिलेले वादक कंटाळले, आणि हायडनने त्यांची विनंती सुरांतून मांडली. पुष्कळ पुस्तके इथेच थांबतात. तसे असेल तर समजावे की लेखकाने गोष्ट सांगितली, संगीत सांगितले नाही.

चांगला लेखक पुढे जातो. त्या काळी सिंफनीसाठी अगदी विरळा असलेल्या एफ शार्प मायनर या पट्टीत ही रचना बांधली आहे, हे तो नोंदवतो. वेगवान शेवटचा भाग पुरा होण्याआधीच अडतो आणि ऐकणाऱ्याची अपेक्षा नसताना एक संथ, कोमल भाग सुरू होतो, इकडे तो लक्ष वेधतो. मग ओबो, हॉर्न, बासून, डबल बास, चेलो असे एकेक वाद्य आपले चार सूर वाजवून गप्प होत जाते आणि शेवटी आवाज दाबलेली फक्त दोन व्हायोलिने उरतात, हे तो अशा क्रमाने सांगतो की वाचणाऱ्याला मंचावरचा उजेड कमी होताना दिसावा. आणि उत्तम लेखक आणखी एक पायरी चढून विचारतो की पगारी नोकर असलेला संगीतकार आपल्या धन्याला असे सांगू शकत होता, तर त्या दरबारात संगीताचे स्थान काय होते? एका पानात या तिन्ही गोष्टी सापडल्या, तर पुस्तक निःशंकपणे घ्यावे.

दुसरी पारख थोडी तांत्रिक आहे. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर'च्या पहिल्या भागाबद्दल (१७२२) लेखक काय म्हणतो ते पाहावे. सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडणाऱ्या पद्धतीसाठीच बाखने हा संग्रह लिहिला, असे जो ठामपणे सांगतो तो घाईने लिहितो आहे. 'वेल-टेम्पर्ड' म्हणजे सर्व पट्ट्यांत वाजवता येईल असे जुळवलेले वाद्य. त्या जुळवणीचे प्रकार अनेक होते आणि समान विभागणी हा त्यांतला केवळ एक.

पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही. तरी हे इतिहास कळतील का?

कळतील, पण सगळे सारखे नाहीत. ग्रिफिथ्स यांचे पुस्तक स्वरलेखन न येणाऱ्यालाही वाचता येते. ग्राउट-बर्कहोल्डर यांच्या ग्रंथात स्वरलेखनाची उदाहरणे आहेत. ती ओलांडूनही मजकूर समजतो, मात्र लाभ अर्धाच होतो. टारुस्किन यांच्याकडे लांबलचक विश्लेषणे स्वरलेखनाला धरूनच चालतात. पाच रेषा, कोणता सूर कुठे बसतो आणि लयीच्या खुणा एवढे शिकायला रोज अर्धा तास दिला तर दोन महिने पुरतात. भातखंडे पद्धतीचे स्वरलेखन ज्याने कधी हाताळले आहे त्याला तर हे फारच सोपे जाईल. तेवढी मेहनत घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

ग्राउट यांचा ग्रंथ पाठ्यपुस्तकासारखा कोरडा वाटतो, ही तक्रार खरी आहे का?

तो पाठ्यपुस्तक आहेच. १९६० साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी तो निघाला, १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लॉड पालिस्का त्यात आले, २००६ च्या सातव्या आवृत्तीपासून बर्कहोल्डर, आणि २०१९ मध्ये दहावी आवृत्ती आली. जुन्या आवृत्त्यांत एका शैलीनंतर दुसरी शैली अशी मिरवणूक चालते आणि माणसे कमी भेटतात. बर्कहोल्डर यांनी हे पुष्कळच बदलले. संगीत कोणी लिहिले याबरोबरच ते कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि कुठे वाजवले गेले, हे ते सतत सांगतात. या ग्रंथाची मोठी सोय म्हणजे त्याच्यासोबतचा तीन खंडांचा रचनासंग्रह. मजकुरात ज्या रचनेची चर्चा येते तिचे संपूर्ण स्वरलेखन तिथे मिळते आणि ध्वनिमुद्रणही त्याला जोडून उपलब्ध असते. स्वतःहून अभ्यास करणाऱ्याला गुरूची उणीव थोडीफार भरून काढणारी दुसरी अशी व्यवस्था मी पाहिलेली नाही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधीची आवृत्ती स्वस्तात मिळाली, तर घ्यावी का?

घ्यावी, पण रचनासंग्रह आणि मुख्य ग्रंथ एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे उघडून पाहावे. मी ही चूक केली आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून मुख्य ग्रंथ घेतला, संग्रह दुसरीकडून आणला, आणि घरी आल्यावर कळले की ग्रंथात दिलेल्या क्रमांकांखाली संग्रहात भलत्याच रचना आहेत. जुळवाजुळव करण्यात दोन आठवडे गेले.

टारुस्किन यांच्याबद्दल एवढे का बोलले जाते?

कारण त्यांनी आधी प्रश्न विचारला: हा इतिहास नेमका कशाचा? त्यांचे उत्तर असे की आपण ज्याला पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणतो ती लिहून ठेवलेल्या संगीताची परंपरा आहे, आणि लेखनाने संगीताचे काय केले हेच तिचे कथानक आहे. म्हणून त्यांचा ग्रंथ ग्रीकांपासून सुरू न होता, फ्रँक राज्यकर्त्यांच्या काळात चर्चगायन लिहून काढण्याची गरज का भासली तिथून सुरू होतो.

मौखिक परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांना ही सुरुवात फार जवळची वाटायला हवी. अकराव्या शतकात ग्वीदो द'अरेझ्झो याने रेषांवर सूर मांडण्याची पद्धत पक्की केली. एका स्तोत्राच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून त्याने 'उत, रे, मी' ही सुरांची नावे घेतली, आणि गायक घडवायला जिथे दहा वर्षेही अपुरी पडत तिथे आपल्या पद्धतीने एक-दोन वर्षे पुरतात, असा दावा केला. कधीच न ऐकलेली चाल नुसती पाहून गाता येणे, ही त्या काळी अद्भुत गोष्ट होती. गुरूच्या तोंडून वर्षानुवर्षे घेतलेल्या तालमीचे मोल जो जाणतो, त्याला ग्वीदोने काय मिळवले हे लगेच उमगेल आणि काय गमावले असेल हाही प्रश्न पडेल. टारुस्किन हे दोन्ही बाजूंनी पाहतात.

ग्रंथाचा पसारा मोठा आहे: मजकुराचे पाच खंड, सूचीचा सहावा, पाने चार हजारांहून अधिक. पाचांपैकी दोन खंड एकट्या विसाव्या शतकाला दिले आहेत. टारुस्किन मूळचे रशियन संगीताचे अभ्यासक, त्यामुळे ग्लिंका ते स्ट्राव्हिन्स्की हा भाग विलक्षण समृद्ध आहे, तर इंग्लंडच्या वाट्याला तुलनेने कमी आले आहे. ते प्रतिपक्षाशी वाद घालत लिहितात आणि वाचकालाही त्यात ओढतात. म्हणूनच हे पहिले पुस्तक नव्हे: ज्या मताशी ते भांडत आहेत ते मत आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे. पुढे कागदी बांधणीत पाच खंड सुटे मिळू लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाचा तिसरा खंड आधी घेण्यास हरकत नाही.

छोट्या पुस्तकाने काम भागेल का?

ग्रिफिथ्स यांचे पुस्तक साडेतीनशेच्या आसपास पानांचे आहे आणि तरी उथळ नाही. संगीताने वेगवेगळ्या युगांत काळाचा अनुभव कसा घडवला, या एका सूत्राभोवती त्यांनी सगळी मांडणी केली आहे. वाक्ये दाट आहेत. एका बैठकीत एका प्रकरणापलीकडे जाऊ नये.

पॉल हेन्री लांग यांचे 'म्यूझिक इन वेस्टर्न सिव्हिलायझेशन' आजही वाचण्याजोगे आहे का?

हंगेरीत जन्मलेल्या लांग यांनी हा ग्रंथ १९४१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. संगीताला धर्म, राजकारण, साहित्य आणि चित्रकला यांच्या मध्यभागी बसवून पाहण्याची त्यांची व्याप्ती थक्क करते. तपशील जुने झाले आहेत आणि विसाव्या शतकासाठी त्याचा उपयोग नाही. दुसरे पुस्तक म्हणून जरूर वाचावे.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने कोणती खबरदारी घ्यावी?

ओळखीचे दिसते ते ओळखीचेच असेल असे धरून चालू नये. एक उदाहरण जवळून पाहू. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलसाठी १२०० च्या सुमारास पेरोतँ याने चार आवाजांत बांधलेले 'व्हिदेरुंत ओम्नेस' ऐका. खालचा आवाज पहिलेच अक्षर 'व्हि' एका सुरावर धरतो आणि सोडतच नाही. वर तीन आवाज ठेक्यात एकमेकांत गुंफत, घासत, पुन्हा मिळत जातात. आपला कान तत्काळ म्हणतो, हा तर तानपुरा! मीही कित्येक महिने ते तसेच ऐकत होतो. मग एका इतिहासात वाचले की तो खालचा सूर हा जुन्या चर्चगायनाच्या चालीतला पहिला सूर आहे, तो केवळ प्रचंड लांबवला आहे, आणि थोड्या वेळाने चाल पुढच्या सुरावर जाते. पुन्हा ऐकायला बसलो. तो सूर बदलला त्या क्षणी, घराचा पायाच उचलून दुसऱ्या जागी ठेवल्यासारखे वाटले. षड्ज असा हलत नाही. पायाच सरकवता येतो, हा विचार पुढे सात-आठशे वर्षांच्या पाश्चात्त्य संगीतात किती रूपांनी आला, हे समजून घेण्यासाठीच तर इतिहास वाचायचा.

दुसरी खबरदारी पेटीबाबत. हार्मोनियमचे एकस्व अलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसला घेतले आणि ते वाद्य आपल्याकडे येऊन भजनापासून नाट्यगृहापर्यंत रुळले. तिच्या ठरीव सुरांवरून आपल्याकडे श्रुतींचा वाद पेटला, आकाशवाणीने १९४० पासून तिला कित्येक वर्षे दूर ठेवले. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत मोकळेपणाने जाता यावे म्हणून पश्चिमेने शुद्ध स्वरांतरांचा बळी कधी आणि कसा दिला, हे जो इतिहास नीट समजावतो तो आपल्या घरातल्या पेटीचीही गोष्ट सांगत असतो.

या ग्रंथांत भारताचा, गोव्याचा काही उल्लेख येतो का?

नाममात्र. युरोपबाहेरच्या जगाचा प्रवेश बहुधा १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार देब्यूसीने जावाचे गामेलान (तिथला आघातवाद्यांचा पारंपरिक वाद्यवृंद) ऐकले, अशा प्रसंगांतून होतो. वास्तविक पोर्तुगीज अमलात गोव्याच्या पॅरिश शाळांतून मुलांना सोल्फेजो (सुरांची नावे घेत स्वरलेखन वाचून गाणे) आणि व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, आणि तिथले वादक पुढे मुंबईत आले. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल कागदावर उतरवून व्हायोलिनांच्या ताफ्यासाठी वेगवेगळे भाग लिहिणारे सेबास्टियन डिसूझा, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे याच परंपरेतले. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा झुबिन जगभरच्या वाद्यवृंदांचा संचालक झाला. हे सारे पाश्चात्त्य संगीताच्याच इतिहासाचा भाग आहे, आणि ते सर्वसाधारण इतिहासांत नाही याची मला मनापासून खंत वाटते. तोवर ते वेगळे शोधून वाचावे लागेल.

स्त्री संगीतकारांना न्याय देणारा इतिहास कोणता?

ग्राउट यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्या जवळजवळ नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत चित्र बरेच सुधारले आहे. बाराव्या शतकातील हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन, १६२५ मध्ये फ्लोरेन्सला ऑपेरा सादर करणारी फ्रांचेस्का काच्चिनी, बार्बरा स्ट्रोझी, क्लारा शूमान आणि १९३३ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने जिची सिंफनी वाजवली ती फ्लोरेन्स प्राइस, ही पाच नावे सूचीत पाहावीत. सापडली तर त्या पानावर नाव कशासाठी आले आहे तेही वाचावे. क्लारा केवळ रॉबर्ट शूमानची पत्नी म्हणून आली असेल, तर ती मोजू नये.

विसाव्या शतकाचे संगीत कानाला परके वाटते. तो भाग वगळावा का?

वगळू नये, त्यासाठी वेगळे पुस्तक घ्यावे. अॅलेक्स रॉस यांचे 'द रेस्ट इज नॉइज' (२००७) रिचर्ड श्ट्राउसच्या 'सालोमे'च्या १९०६ मधील ग्राट्स येथील प्रयोगापासून सुरू होते आणि युद्धे, हुकूमशाह्या, निर्वासित यांच्यामधून संगीत कसे वाट काढत गेले ते सांगते. स्वरलेखन येण्याची गरज नाही. शोनबर्ग किंवा शोस्ताकोविच आधी वाचून मग ऐकला, तर परकेपणा पुष्कळ ओसरतो.

केवळ संगीतकारांची चरित्रे वाचली तर?

चरित्रांतून माणसे कळतात, पण एका माणसाला मिळालेली भाषा दुसऱ्याने कशी बदलली हे कळत नाही. इतिहासाला पर्याय म्हणून ती वाचू नयेत.

ही सर्व पुस्तके इंग्रजी आहेत. परिभाषेचे काय करावे?

एक वही करावी. प्रत्येक संज्ञेसमोर शब्दकोशातला अर्थ न लिहिता आपण ऐकलेली एक रचना आणि तिच्यातली जागा लिहावी. 'कॅडेन्स' या शब्दापुढे मी अशी एक जागा लिहून ठेवली आहे जिथे सूर घरी परततात, आणि दुसरी, जिथे ते दारापर्यंत येऊन मागे फिरतात. त्यानंतर त्या शब्दाची व्याख्या पाहण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

सुरुवात पहिल्या पानापासूनच करावी का?

मी तसे सुचवणार नाही. प्राचीन ग्रीसची प्रकरणे मोलाची असली तरी तिथे ऐकायला फारसे काही उरलेले नाही, आणि पुष्कळ वाचक तिथेच पुस्तक मिटतात. १६०० च्या आसपासचे पान उघडावे. मांतुआच्या दरबारात १६०७ मध्ये सादर झालेला मोंतेवेर्दीचा 'लोर्फेओ' हा ऑपेरा घ्यावा आणि दुसरा अंक लावावा. मेंढपाळ आनंदाने गात असतात, ऑर्फेओही गात असतो, आणि तेवढ्यात एक दूती येते. तिच्या पहिल्याच शब्दाला सुरांचा रंग पालटतो; नाचती लय थांबते, साथ विरळ होते, आणि ती नवविवाहित युरिदिचेच्या मृत्यूची वार्ता जणू बोलत बोलत गाते. ज्यांनी नाट्यगृहात शब्दासाठी थांबणारा सूर ऐकला आहे त्यांना तो प्रसंग समजायला इटालियन येण्याचीही गरज नाही. इंग्रजी भाषांतर हातात धरून तो अंक दोनदा ऐकावा, मग आपल्या पुस्तकात त्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे आणि तिसऱ्यांदा ऐकावा. तिथून मागे पेरोतँकडे जायचे की पुढे बाखकडे, हे तिसऱ्या ऐकण्यानंतर ठरवावे.